काटासाहेबांची पाच मिनिटं

आमच्या गल्लीत लोकांनी गजर लावणं सोडून दिलं होतं, ते काटासाहेबांच्या भरवशावर. सकाळी सहा पंचवीसला त्यांच्या मोटरसायकलला किक बसायची आणि बरोबर साडेसहाला गिअर पडायचा. मधली पाच मिनिटं गाडी जागेवर उभी राहून गुरगुरायची आणि काटासाहेब तिच्याशेजारी मनगट डोळ्यांसमोर धरून, नाडी मोजणाऱ्या डॉक्टरसारखे उभे असायचे. मी समोरच्या घरात राहतो. किकच्या आवाजावर मी गालाला साबण लावायचो आणि गिअरच्या आवाजावर धुऊन टाकायचो. रविवारीसुद्धा. ‘‘आज तर सुट्टी, कुठे निघालात?’’ असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘‘निघायचं कुठेच नाही. पण इंजिनाला रविवार कळतो का?’’

काटासाहेब हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत निरीक्षक आहेत. दुकानोदुकानी जायचं, तराजू, काटे, लिटरची मापं तपासायची, बरोबर असली तर शिक्का मारायचा, नसली तर उचलून आणायची. मोटरसायकलच्या मागे एक लाकडी पेटी बांधलेली असते. आत निळ्या मखमलीच्या खळग्यांत पितळेची वजनं निजलेली. त्यांना हात लावायचा नाही, चिमट्यानेच उचलायची. बोटाचा घाम लागला की वजन वाढतं म्हणे. आपल्या घामाचं वजन करता येतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि नोकरीत इतकी वर्षं गाळलेल्या घामाची कोणी नोंद ठेवली नाही याचं थोडं वाईटही वाटलं.

अशा माणसाच्या घरात ‘अंदाजे’ हा शब्द शिव्यांत जमा असतो. वहिनी एकदा माझ्या बायकोला केकची कृती सांगत होत्या. ‘‘मग चिमूटभर मीठ,’’ असं त्यांनी म्हणायला आणि आतल्या खोलीतून आवाज यायला एकच गाठ पडली : ‘‘कोणाची चिमूट?’’

तर, पाच मिनिटांची गोष्ट. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी ही गाडी घेतली. तपकिरी टाकी, गोल दिवा, डाव्या बाजूला चोकची दांडी. गाडी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी ते गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेले आणि थंड इंजिन चालू केल्यावर किती वेळ थांबावं, असं विचारून आले. येताना खिशातल्या वहीत आकडा होता : पाच मिनिटं. त्या दिवसापासून आम्हाला पाच मिनिटं लागली ती लागलीच.

हा मिस्त्री म्हणजे काटासाहेबांचा एकुलता एक मित्र. एरवी दुकानदारांशी जवळीक करायची नाही, कोणाच्या ओट्यावर टेकायचं नाही, कोणाचा चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. उद्या त्याचाच काटा तपासायचा असला तर? मिस्त्रीकडे मात्र काटाच नव्हता. त्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी काटासाहेब त्याच्या गॅरेजमध्ये उलट्या डब्यावर बसून निर्धास्त चहा प्यायचे. दोघं फारसं बोलायचे नाहीत. एक कार्बोरेटर पुसायचा, दुसरा बघायचा. वहिनींचं ऑपरेशन झालं तेव्हा मिस्त्रीने गॅरेजला कुलूप लावलं आणि तीन दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. ‘‘नात्यातला नाही, गोत्यातला नाही,’’ काटासाहेब सांगायचे, ‘‘पण माणूस कसा? शिक्का मारलेला.’’ त्यांच्या तोंडून याहून मोठी पदवी मी ऐकलेली नाही.

गाडीची एकच तक्रार होती. प्लग काळा पडायचा. चार-चार महिन्यांनी गाडी आचके द्यायची, मिस्त्री प्लग काढायचा, तो चुलीतून काढल्यासारखा असायचा, मिस्त्री नवा बसवायचा. ‘‘पेट्रोलच हल्ली असं येतंय,’’ म्हणायचा. काटासाहेब जुना प्लग घरी आणून, दोऱ्याने तारखेची चिठ्ठी बांधून, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे. का, ते विचारू नका. त्यांच्या धंद्यात जप्त केलेल्या वस्तूला चिठ्ठी बांधतात.

आता धाकट्याचं सांगायला हवं. काटासाहेबांचा सख्खा धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर राहायचा. शाळेत चित्रकला शिकवतो. स्वभावाने दादाच्या अगदी उलट, सरळ रेघसुद्धा पट्टी न लावता मारणारा. दादाची गाडी बघून त्याने तीच गाडी घेतली, तोच नमुना, रंग तेवढा निळा. दोन गाड्या जिन्याखाली शेजारी शेजारी उभ्या असायच्या. फरक एवढाच, की धाकटा किक मारायचा, हेल्मेटचा पट्टा लावायचा आणि निघून जायचा.

नऊ वर्षांपूर्वी धाकट्याला मुलगी झाली. तिचा पाळणा नेमका जिन्यावरच्या खिडकीत. आणि खिडकीखाली रोज पाच मिनिटं धूर. दोन महिने त्याने कळ काढली, मग एका सकाळी खाली आला.

‘‘दादा, पोरीला खोकला लागलाय. अर्धं मिनिट पुरतं रे. मिस्त्रीनेच सांगितलंय मला.’’

‘‘मिस्त्रीने? मला पाच सांगितलीत त्याने.’’

‘‘मला अर्धं सांगितलं.’’

‘‘मग विचारूनच येऊ.’’

दोघं भाऊ कोपऱ्यावर गेले. मी तिथे चाकाला हवा भरायला उभा होतो, आणखी दोघं गिऱ्हाईकं होती. काटासाहेबांनी विचारलं. मिस्त्री बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिला. एकदा याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग म्हणाला, ‘‘साहेबांना मी पाच मिनिटं सांगितलीत, ती बरोबर आहेत.’’

‘‘आणि मला काय सांगितलं होतं?’’ धाकट्याने विचारलं.

‘‘आता रोज इतके लोक येतात. मला काय आठवतंय?’’

धाकट्याचे कान लाल झाले. परत येताना भर रस्त्यात काटासाहेब त्याला म्हणाले, ‘‘धूर नको होता तर तसं सांगायचं. पोरीच्या नावाने खोटं कशाला बोलायचं?’’

महिन्याभरात धाकट्याने घर बदललं. शहराच्या दुसऱ्या टोकाला. निळी गाडी गेली, पाळणा गेला, खिडकी बंद झाली. भाऊ एकमेकांना भेटायचे ते कोणाच्या लग्नात किंवा कोणी गेल्यावर, आणि तेव्हाही मध्ये चार माणसं ठेवून. वहिनी मात्र दर महिन्याला बसने जाऊन यायच्या आणि आल्यावर पुतणीची उंची सांगायच्या. सेंटिमीटरमध्ये. नवऱ्याला तीच भाषा कळते म्हणून.

यानंतरचं घडलं ते गेल्या महिन्यात. मिस्त्रीने जुने सुटे भाग भंगारात विकण्यासाठी एक वापरलेला काटा आणला. ‘‘भंगारवाला मला फसवतो,’’ म्हणाला, ‘‘साहेब, एकदा बघा की बरोबर आहे का.’’ शनिवारी काटासाहेब आपली पेटी घेऊन गेले. काटा गॅरेजच्या मागच्या भागात, टायरांच्या ढिगाआड जमिनीवर ठेवलेला. ते तिथे गुडघे टेकून, चष्मा कपाळावर चढवून बसले. मी पुढच्या बाकावर होतो. माझ्या स्कूटरची क्लचची वायर तुटली होती.

तेवढ्यात एक मुलगी गाडी ढकलत आली. दवाखान्यात नर्स होती, पांढरे बूट, केस वर बांधलेले. गाडी म्हणजे थेट काटासाहेबांचीच : तपकिरी टाकी, गोल दिवा.

‘‘बाबांची आहे,’’ ती म्हणाली. ‘‘आता मी चालवते. सकाळी चालू केल्यावर किती वेळ थांबायचं हो? बाबा फार वेळ थांबायचे.’’

‘‘छे छे,’’ मिस्त्री चाक फिरवता फिरवता म्हणाला. ‘‘चोक ओढायचा, किक मारायची, हेल्मेटचा पट्टा लावायचा, अर्धं मिनिट झालं की निघायचं. पहिला एक किलोमीटर सावकाश, बस. चालता चालताच ती गरम होते. उभी करून पाच-पाच मिनिटं तापवाल तर प्लग काळा पडेल, पेट्रोल फुकट, आणि शेजारी शिव्या घालतील ते वेगळंच!’’

मुलगी हसली. मला हसू आलं नाही, कारण टायरांच्या मागे चिमटा खाली पडल्याचा आवाज झाला होता. काटासाहेबांच्या हातातून चिमटा पडलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता.

ते उठून उभे राहिले. पँटच्या गुडघ्यांवर काळे गोल उमटले होते. मुलगी जाईपर्यंत थांबले आणि मग, दुकानात तपासणीला गेल्यावर विचारतात तशा आवाजात म्हणाले :

‘‘मिस्त्री, त्यांना किती म्हणालात?’’

‘‘कोणाला?’’

‘‘आत्ता गेल्या त्यांना.’’

मिस्त्रीच्या हातातलं चाक फिरायचं थांबलं. ‘‘अर्धं मिनिट.’’

‘‘गाडी कुठली होती?’’

‘‘तुमचीच. म्हणजे... तुमच्यासारखीच.’’

‘‘मग माझी पाच कुठून आली?’’

मिस्त्री खाली बसला. ‘‘साहेब, खरं सांगू? तुम्ही पहिल्यांदा आलात ना, तेव्हा मी म्हणालो, जरा गरम होऊ द्या. तुम्ही म्हणालात, जरा म्हणजे किती? मी म्हणालो, अंदाजाने. तुम्ही म्हणालात, अंदाज म्हणजे किती? माझ्या पुढ्यात एक इंजिन उघडं पडलेलं, गिऱ्हाईक डोक्यावर उभं. तुम्ही हलेचनात! शेवटी म्हणालो, पाच मिनिटं. तुम्ही वहीत लिहिलंत आणि गेलात. मला वाटलं, चार दिवस कराल, मग कंटाळाल. सगळेच कंटाळतात.’’

‘‘अठरा वर्षं, मिस्त्री.’’

‘‘तुम्ही कंटाळत नाही हे मला काय माहीत!’’

इथे मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात लपवलं. आज त्याची लाज वाटते. पण त्या क्षणी मला वाटलं, आता काटासाहेबही हसतील, चहा येईल, आणि गल्लीला आयुष्यभर पुरेल असा विनोद होईल.

काटासाहेब हसले नाहीत. ‘‘ते राहू दे,’’ म्हणाले. ‘‘नऊ वर्षांपूर्वी मी धाकट्याला घेऊन आलो होतो. इथेच उभे होतो आम्ही. तेव्हा आठवत होतं?’’

मिस्त्री फडकं शोधायला लागला. फडकं त्याच्या खांद्यावरच होतं.

‘‘आठवत होतं का?’’

‘‘होतं.’’

‘‘धाकट्याला अर्धं सांगितल्याचंही?’’

‘‘होतं, साहेब.’’

‘‘मग?’’

‘‘दुकानात लोक होते. तुम्ही गावभर सांगत होता, मिस्त्रीने पाच मिनिटं सांगितलीत, मिस्त्री म्हणजे काय! तुमच्या तोंडच्या शब्दावर दहा गिऱ्हाईकं यायची माझ्याकडे. त्यांच्यासमोर काय म्हणू? की मी आपलं असंच बोललो होतो?’’

‘‘हो,’’ काटासाहेब म्हणाले. ‘‘असंच म्हणायचं होतं.’’

बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

‘‘बरं, तेव्हा लोक होते,’’ काटासाहेब पुढे म्हणाले. ‘‘त्यानंतर शनिवार किती झाले? त्या डब्यावर मी एकटा बसायचो. धाकट्याबद्दल तुमच्यापाशी किती वेळा बोललो. तो माझ्याशी खोटं बोलला हे मनातून जात नाही, असं म्हणालो. तुम्ही काय म्हणालात? साहेब, चहा गार होतोय.’’

मग त्यांनी एक गोष्ट केली. ते पुन्हा टायरांमागे गेले, चिमटा उचलून पुसला आणि राहिलेली तपासणी पुरी केली. दोन किलो, एक, अर्धा, पाव. एकेक वजन ठेवायचं, सुई थांबेपर्यंत थांबायचं, उचलायचं. चांगली दहा मिनिटं. मिस्त्री आणि मी पुतळ्यासारखे. शेवटी पेटी बंद करून म्हणाले, ‘‘काटा बरोबर आहे.’’ आणि दारात थांबून, मागे न वळता : ‘‘नोकरीत आजवर दोन वजनं ठेवणारे अकरा दुकानदार धरले मी. देताना एक, घेताना एक. पण त्यांतल्या एकाकडेही मी कधी चहा प्यायलो नव्हतो.’’

घरी आल्यावर त्यांनी बिस्किटांचा डबा जेवणाच्या टेबलावर उपडा केला. त्रेपन्न काळे प्लग, त्रेपन्न चिठ्ठ्या. मी दारातच घुटमळत होतो, वहिनींनी आत बोलावलं.

‘‘तुला माहीत होतं?’’ त्यांनी वहिनींना विचारलं.

‘‘इंजिनातलं मला काय कळतंय? भावजी खोटं बोलत नाहीत, एवढं माहीत होतं.’’

‘‘मग तेव्हा बोलली का नाहीस?’’

‘‘बोलले होते की. तुमची पाच मिनिटं चालू होती. ऐकू गेलं नसेल.’’

काटासाहेब प्लगांकडे बघत बसले. एक चिठ्ठी बोटाने सरळ करून म्हणाले, ‘‘हे सगळं पुराव्याचं सामान होतं. आणि मी ते जपून ठेवत होतो.’’

दुसरा दिवस रविवार. सहा पंचवीस होऊन गेले तरी किक नाही. मी गालाला साबण लावायचा की नाही या विचारात आरशासमोर उभा. पावणेसातला खालून हाक आली : ‘‘चला, धाकट्याकडे जायचंय. एकटा गेलो तर दार लावून घेईल. तुम्हाला बघून निदान ‘या’ तरी म्हणेल.’’

गाडीजवळ उभे राहून त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि खिशात टाकलं. चोक ओढला. किक मारली. हेल्मेटचा पट्टा लावला. खिशाकडे गेलेला हात अर्ध्या वाटेवरून परत आणला, गिअर टाकला आणि आम्ही निघालो. गल्लीतल्या दोन-तीन खिडक्या उघडल्या. कोणी वारलं की काय, असा चेहरा करून लोक बघत होते.

गाडी बरोबर कोपऱ्यावर, मिस्त्रीच्या दारासमोर बंद पडली. अठरा वर्षांत तिला या थाटात निघायची सवय कुठे होती? दोन किका, चार किका. मिस्त्री आतून बाहेर आला, पायरीवर थांबला. पुढे यायला त्याचं पाऊल उचललेलं मी पाहिलं. काटासाहेबांनी मान वळवली नाही.

‘‘साहेब,’’ तो तिथूनच म्हणाला, ‘‘चोक. चोक ओढलेलाच राहिलाय.’’

काटासाहेबांची मान होती तिथेच राहिली. हाताने मात्र चोक आत ढकलला. पुढच्या किकला गाडी चालू झाली. आम्ही गेलो.

धाकटा तिसऱ्या मजल्यावर राहतो. काटासाहेब प्रत्येक मजल्यावर थांबत होते, दम लागल्याचं सोंग करून. दार धाकट्यानेच उघडलं. बोटांना रंग लागलेला, मागे एक नऊ वर्षांची मुलगी दुधाचा पेला धरून उभी. सेंटिमीटरमध्ये ऐकलेली पुतणी समोर आल्यावर काटासाहेबांना तिच्याकडे कुठे बघावं ते कळेना.

‘‘तू खोटं बोलला नव्हतास,’’ ते धाकट्याला म्हणाले. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. ‘‘मिस्त्रीने तुला अर्धं मिनिटच सांगितलं होतं. काल कबूल केलं त्याने.’’

‘‘मला माहीत आहे,’’ धाकटा म्हणाला.

‘‘त्याने मला फसवलं.’’

‘‘हं.’’

‘‘अठरा वर्षं फसवलं रे.’’

धाकट्याने बोटांवरचा रंग अंगठ्याने घासला. ‘‘दादा, मिस्त्री काय बोलला याचं मला तेव्हाही काही वाटलं नव्हतं. त्याचं दुकान होतं, त्याला गिऱ्हाईकं सांभाळायची होती. पण तू त्याला विचारायला गेलास. मी सांगितल्यावर. मी, तुझा भाऊ, सांगतोय, आणि तू पडताळून बघायला गेलास.’’

कालपासून ते एका फसवणुकीचं ओझं उचलून तीन जिने चढले होते, आणि वर आल्यावर कोणीतरी त्यावर दुसरं वजन ठेवलं होतं. ते आपलंच, हे त्यांना बरोबर कळलं. वजनांतलं त्यांना कळतं.

‘‘गाडीवर आलास?’’ धाकट्याने विचारलं.

‘‘हो.’’

‘‘किती तापवलीस?’’

‘‘घड्याळ नव्हतं लावलं.’’

धाकटा त्यांच्या रिकाम्या मनगटाकडे बघत राहिला. तिथे घड्याळाच्या पट्ट्याएवढी कातडी गोरी राहिली होती. मग तो दारातून थोडा बाजूला झाला.

‘‘ये आत. मला शाळेच्या नाटकाचा पडदा रंगवायला जायचंय, पण वेळ आहे थोडा.’’

‘‘थोडा म्हणजे कि...’’ काटासाहेब बोलता बोलता थांबले. चपला काढल्या आणि आत गेले. पुतणीने त्यांना कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. ती पाहुण्यांची होती.

थोडा म्हणजे पाऊण तास निघाला. दोघं भाऊ फारसं बोलले नाहीत. माझ्याशी मात्र दोघंही भरपूर बोलले. निघताना धाकटा जिन्यापर्यंत आला, खालपर्यंत आला नाही. पुतणी आली. तिने गाडीची टाकी बोटाने ठोकून पाहिली आणि विचारलं, ‘‘बाबांची निळी अशीच आहे. तुम्ही त्यांचं बघून घेतली का?’’

‘‘नाही, त्याने माझं बघून घेतली,’’ काटासाहेब म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, ‘‘बहुतेक.’’

परत येताना गाडी एका किकला चालू झाली आणि कुठे अडली नाही. कोपऱ्यावर मिस्त्री पायरीवरच बसलेला होता, सकाळपासून तिथेच असावा. आम्हाला बघून त्याने नेहमीसारखा हात वर केला. काटासाहेबांचा डावा हातही हँडलवरून सुटून सवयीने वर निघाला. मी मागे बसलो होतो, मला नीट दिसलं. अर्ध्यावर तो थांबला, खाली आला आणि त्याने क्लच धरला. आणि आम्ही गल्लीत वळलो.